साखरेच्या खिडक्या

चिमटा हातात धरून ती बरण्यांसमोर कधीची उभी होती. गोळ्यांच्या दुकानातल्या मावशींनी दोनदा विचारून झालं होतं, "काय देऊ गं?" आणि दोन्ही वेळा तिने "बघते हं, मावशी" म्हणत वेळ मारून नेली होती. बाहेर थंडीतला अवेळी पाऊस लागला होता. आत भिंतभर बरण्या... लाल, पिवळ्या, जांभळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, साखरेत घोळवलेल्या... आणि त्यांच्यासमोर ही, पार गोंधळलेली.

तिला सगळे धाकटी म्हणत. आता धाकटं असण्याची गंमत अशी, की लाड भरपूर होतात, पण विचारत कुणी नाही. कपडे ताईचे, दप्तर ताईचं, आणि वाढदिवसाच्या केकवर काय लिहायचं तेही ताईच ठरवणार. दोघी बहिणींची बेकरी होती. दर थंडीत तिच्या दर्शनी खिडकीत आल्याच्या बिस्किटांचं घर मांडलं जाई, आणि ते अर्थातच ताई बांधी. पांढरं आयसिंग, लाल-पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या, की झालं. यंदा मात्र ताईचं मनगट मुरगळलं.

"यंदाचं घर तुझं," ताई म्हणाली होती. "अगदी मनासारखं कर. नाहीच जमलं तर पेपरमिंट आहेतच."

मनासारखं! नेमकं तेवढंच तर तिला येत नव्हतं. उद्या सकाळी दुकान उघडेल तेव्हा घर खिडकीत हवं होतं. आणि यंदाही त्याच पेपरमिंट लावल्या तर आपण जन्मभर धाकटीच राहणार, हे तिला लख्ख कळत होतं.

"हिच्यात बुडबुडा आहे," कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. दाराजवळ स्टुलावर एक तरुण बसला होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना दोन-तीन ठिकाणी चिकटपट्ट्या. एक डोळा मिटून तो लिंबाची एक गोळी उजेडाकडे धरून बघत होता. मावशींच्या कपाटाची तडकलेली काच बदलायला आलेला काचवाला होता तो. काच बसवून झाली होती आणि पावसाने त्याला अडकवून ठेवलं होतं.

"गोळी खायची आहे, की तिची परीक्षा घ्यायची आहे?" तिने विचारलं.

"आधी परीक्षा. पास झाली की खाणार."

"आणि नापास झाली तर?"

"तरी खाणार. पण वाईट वाटून घेत."

तिला हसू आलं. मग त्याने विचारलं, तिने सांगितलं... घराचं, ताईचं, उद्या सकाळचं. तो अगदी मन लावून ऐकत होता.

"आणि खिडक्या?" त्याने विचारलं.

"आयसिंगने काढते की. चार रेघा मारल्या की खिडकी."

"काढलेली खिडकी!" त्याचा चेहरा असा झाला, जणू तिने त्याच्या खानदानालाच शिवी दिली. "अहो, तिच्यातून दिसणार काय? या इकडे. एक डोळा मिटा."

त्याने दुसरी एक गोळी तिच्या डोळ्यासमोर धरली. संत्र्याची होती. तिने वाकून पाहिलं—

आणि तिचा श्वास अडकला.

सगळा रस्ता मधात बुडाला होता. छत्री सावरत चाललेले आजोबा, भिंतीला टेकवलेली सायकल, पन्हाळीतून गळणारं पाणी... सगळं सोनेरी, सगळं संथ, कडेला जरासं वाकलेलं. पावसाचा एकेक थेंब पेटल्यासारखा दिसत होता.

"बाई गं..." तिच्या तोंडून निघून गेलं.

तिचं सगळं आयुष्य साखरेत गेलं होतं. तिने साखर मोजली होती, दळली होती, उकळली होती, करपवली होती, त्यापायी ताईची बोलणीही खाल्ली होती. पण साखरेच्या पलीकडे पाहावं, हे तिला आजवर एकदाही सुचलं नव्हतं. आणि हा माणूस, पाऊस थांबायची वाट बघता बघता, सहज म्हणून बघत बसला होता!

"कडक गोळी म्हणजे काचच की," तो म्हणाला. "वितळवायची, ओतायची, थंड करायची. आमच्याकडेही तेच करतात. तुमच्याकडे भट्टी आहे ना?"

"आहे."

"मग अडलंय कुठे?"

अडलं होतं एका गोष्टीवर. त्यांच्या बेकरीत आईच्या वेळेपासूनचा दंडक होता, की जे जिभेवर ठेवलं नाही ते भिंतीवर लावायचं नाही. घरावरची प्रत्येक गोळी आधी चाखलेली हवी. तिने तसं सांगताच काचवाला खुशीत स्टुलावरून उतरला.

"सोपं आहे. तुम्ही चाखा, मी बघतो. दोघांकडून पास झाली तरच घ्यायची."

झालं! मावशींनी कपाळाला हात लावला आणि एकेक बरणी खाली काढायला सुरुवात केली. काय ती निवड, काय ती भांडणं! त्याने एक हिरवी गोळी अशी हळुवार उचलली की तिला त्या गोळीचा हेवा वाटला. पण तोंडात टाकताच तिने नाक मुरडलं.

"साबण!"

"पण रंग बघा हो! शेवाळलेल्या तळ्यासारखा—"

"तळं चोखत बसणार का तुम्ही? नापास."

मग तिने मलईची गोळी पुढे केली. चवीला तिच्यासारखी दुसरी नव्हती. त्याने उजेडाकडे धरली आणि मान हलवली.

"पलीकडचं काही दिसत नाही. ही न्हाणीघराची काच."

ती इतकी हसली की चिमटा हातातून पडला. दोघंही एकदम खाली वाकले. बोटांना बोटं लागली आणि... काही नाही, दोघांनी मिळून तो एवढासा चिमटा उचलला. दोन माणसं लागावीत इतका काही तो जड नव्हता.

शेवटी पाच जाती पास झाल्या. लिंबू, संत्रं, चेरी, जांभूळ, आणि समुद्रासारखी एक निळी, जिची चव कशाची ते दोघांनाही सांगता येईना. पुडी बांधता बांधता मावशी म्हणाल्या, "पाऊस थांबून तास झाला बरं का. म्हटलं, सांगावं."

"खिडक्या बसवायला माणूस लागेल ना?" काचवाल्याने पुडीकडे बघत विचारलं.

"लागेल," ती म्हणाली. एरवी असल्या साध्या प्रश्नाला ती दहा वेळा विचार करायची.

बेकरीत ताई मनगट गळ्यात बांधून खुर्चीत बसली होती. तिने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे कोण?"

"काचवाले."

"का गं? आपली कुठली काच फुटली?"

"फुटली नाही. बसवायची आहे."

"असं होय," ताई म्हणाली. "आणि दोघांच्याही जिभा जांभळ्या कशा काय झाल्या?"

धाकटीने लाटणं उचललं. भिंतींसाठी लाटलेली पोळी तयारच होती. तिने खिडक्या कापल्या, भिंती अर्ध्याकच्च्या भाजून काढल्या, मग लाटण्याने फोडलेल्या गोळ्यांचा चुरा त्या मोकळ्या चौकटींत भरून पुन्हा भट्टीत सरकवल्या. भट्टीच्या दाराच्या काचेला दोघांनी नाकं लावली. आल्याचा आणि गुळमट साखरेचा वास बेकरीभर भरला होता. आधी चुऱ्याच्या कडा ओलसर दिसू लागल्या. मग कण एकमेकांकडे सरकले, मिसळले आणि बघता बघता चौकटीभर पसरून आरशासारखे सपाट झाले.

"मी रोज काच कापतो," तो पुटपुटला. "जन्मताना कधी पाहिली नव्हती."

तिने चोरून त्याच्याकडे पाहिलं. भट्टीचा तांबूस उजेड त्याच्या चेहऱ्यावर होता आणि तोंड लहान मुलासारखं उघडं पडलं होतं. आपल्या आवडीच्या गोष्टीपुढे असं थक्क होऊन उभं राहणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. प्रेमात पडायला एवढं कारण पुरतं का? तिला पुरलं.

संध्याकाळपर्यंत आयसिंगने भिंती जोडून झाल्या, छप्पर चढलं. घर उभं राहिलं. ती दोन पावलं मागे सरली आणि बघतच राहिली. हे आपण निवडलं, आपण केलं... तिला खरंच वाटेना. डोळे भरून आले म्हणून तिने पाठ फिरवली, एप्रनच्या टोकाला डोळे पुसले आणि परत वळली, तर—

काचवाल्याने खांद्यावरचं ओलं फडकं काढलं होतं. बाजूच्या भिंतीतल्या निळ्या खिडकीवर त्याने हाऽ करून तोंडाची वाफ सोडली होती आणि मोठ्या प्रेमाने, गोल गोल, तो ती खिडकी पुसत होता.

"अहो!"

तो दचकला. फडकं काचेला चिकटलं. त्याने ते ओढलं, आणि अख्खी खिडकी मोडून फडक्याबरोबर बाहेर आली.

निळा चुरा टपटप ओट्यावर सांडला.

"काम झालं की... काच पुसायची असते," तो कसाबसा म्हणाला. हातातल्या फडक्याला निळे तुकडे लोंबत होते. "सवय... मी... साखर आहे हे विसरलोच."

ताई खुर्चीतून उठली. "तरी मी म्हणत होते. असू दे. आण ते इकडे, एका हाताने आयसिंग थापते सगळ्या खिडक्यांवर. वरून पेपरमिंट लावू. सकाळपर्यंत वाळेल."

ताईचं चुकत होतं असं नाही. नेहमीसारखीच ती मदतीला धावली होती. आणि नेहमीसारखं धाकटीने "बरं" म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

"नको," धाकटी म्हणाली.

"अगं, भोक पडलंय त्याला!"

"पडू दे. घर माझं आहे, ताई. मी भोकासकट ठेवणार."

तिचा आवाज कापत होता. पण शब्द कापले नाहीत. ताई बघतच राहिली. आणि या सगळ्या गडबडीत काचवाला मान खाली घालून, "माफ करा" एवढंच म्हणून निघून गेला होता. तिने दारापर्यंत जाऊन पाहिलं. गल्ली रिकामी होती. आपण त्याच्यावर एकदाही रागावलो नाही, हे सांगायचं राहूनच गेलं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. तिने घर दर्शनी खिडकीत मांडलं. मोडकी बाजू उगाच रस्त्याला दिसायला नको म्हणून ती आत, दुकानाकडे फिरवली. शटर वर गेलं. समोरच्या छपरावरून ऊन आलं आणि थेट घरावर पडलं.

पाव घ्यायला आलेल्या पोस्टमनने त्या भोकाला डोळा लावला आणि तो तसाच वाकलेला राहिला.

"काय झालं?" ताईने घाबरून विचारलं.

"या, बघा तुम्हीच."

ताई वाकली. बराच वेळ वाकलेली होती. उठली तेव्हा तिने धाकटीचा हात घट्ट धरला.

"धाकटे," ती म्हणाली, "मला नसतं गं हे जमलं."

मग धाकटीने पाहिलं. घराच्या आत, पांढऱ्या आयसिंगच्या जमिनीवर, ऊन रंगीत होऊन उतरलं होतं. लाल चौकोन, सोनेरी चौकोन, जांभळा... जिथे दोन रंग एकमेकांवर सरकले होते तिथे तिसराच एक रंग, ज्याला नावसुद्धा नव्हतं. एवढंसं बिस्किटाचं घर, आणि आत देऊळ वाटावं इतकी शांतता. बाहेरून यातलं काहीच दिसत नव्हतं. दिसायला ती मोडलेली खिडकीच हवी होती.

दहा वाजेपर्यंत दुकानात रांग लागली. आणि समोरच्या फुटपाथवर एक जण उभा असलेला तिला दिसला. बाह्या दुमडलेल्या, हात खिशात. पाऊल पुढे टाकत होता, मागे घेत होता.

ती हात तसेच पिठाने भरलेले ठेवून रस्ता ओलांडून गेली.

"आत या."

"मी फक्त बघायला... म्हणजे, ताई रागावल्या असतील—"

"या म्हणते ना!"

तिने त्याला बाहीला धरून आणलं, रांगेतल्या सगळ्यांची माफी मागितली आणि त्याला त्या खिडकीपाशी वाकवलं. तो बघत राहिला. त्याच्या मानेवरची शीर उडताना तिला दिसत होती.

"हे... मी केलं?"

"भोक तुम्ही केलंत. बाकी सगळं मी."

तो हसला, पण वर उठला नाही. म्हणून तीही शेजारी वाकली. गालाला गाल लागेल इतक्या जवळ. आतले रंग दोघांच्या चेहऱ्यांवर पुसटसे आले होते.

"ऐका," ती हळूच म्हणाली. "मला काही निवडायचं म्हटलं की फार वेळ लागतो. सगळ्या घराला माहीत आहे. साध्या चपला घ्यायच्या तरी तीन दुकानं होतात. पण तुम्ही मला आवडता... आणि हे ठरवायला मला वेळच लागला नाही."

त्याने बोटावरची चिकटपट्टी उगाच चाचपली.

"सकाळपासून फुटपाथवर उभा राहून वाक्य जुळवत होतो," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही सगळं बोलूनच टाकलंत."

"तरी बोला. मला ऐकायचंय."

"तू मला फार आवडतेस," तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की तो त्या छोट्याशा घरातच शिरला असावा.

"अहो, झालं का तुमचं बघून?" मागून पोस्टमन ओरडला. तो दुसऱ्यांदा रांगेत लागला होता. "बाकीच्यांचेही नंबर आहेत!"

"थांबा हो जरा," ताई गल्ल्यावरून म्हणाली. "घर तिचं आहे. तिला हवं तेवढा वेळ बघू दे."