पितळी खटक्याचं पाकीट

हे घडलेलं आहे. कुणाच्या मैत्रिणीच्या नणंदेचं ऐकीव नाही. माझ्या कानांनी ऐकलंय, आणि माझ्या बहिणीनेही.

रात्र नव्हती. गेल्या नोव्हेंबरची अठ्ठावीस तारीख, दुपारचे तीन. जपानातल्या हिमीच्या बंदराजवळचं आमचं बुद्धमंदिर, डावीकडची तिसरी रांग, खांबाशेजारी. सभेला शंभरावर माणसं होती.

आणखी एक आधीच सांगते. आमच्या पंथात भूत नाही. माणूस गेला की त्याच क्षणी अमिताभ बुद्ध त्याला आपल्या पश्चिमेच्या देशात घेऊन जातो. मागे कुणी रेंगाळत नाही. हे मी लहानपणापासून ऐकलं, तेही गाऊन सांगितलेलं. आमचे बुवा प्रवचन करता करता सुरात शिरतात, आवाज चढवत नेतात, आणि सभा डोळे पुसत 'नामानदाबु, नामानदाबु' असा बुद्धाचा जप करू लागते. त्या सुरावर माझा जीव आहे. विश्वासही आहे.

म्हणून तर हे सांगणं जड जातं.

आमच्या आईकडे एक पाकीट होतं. वाइन रंगाचं, फ्रेंच कंपनीचं, वर पितळी खटका. ज्या वर्षी बुरी मासा इतका लागला की जाळी फाटली, त्या वर्षी बाबांनी ते ओसाकाहून आणलं. आई ते फक्त मंदिरात न्यायची. प्रवचन संपलं, दानाची पेटी फिरू लागली, की खट्. त्या एका आवाजासाठी मी लहानपणी आईच्या मांडीला चिकटून बसायची.

ते मला हवं होतं. कायमच.

आई शेवटची नऊ वर्षं अंथरुणाला होती. मित्सुएताईने लग्न केलं नाही, तिनेच सगळं केलं. मी बंदराच्या पलीकडे नांदायला गेलेली. रविवारी मिठाई घेऊन यायची आणि सूप खारट झालंय म्हणायची. ताई हसायची. "आल्या पाहुण्याबाई. चव सांगतील आणि जातील."

आई गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला. पाहुणे उठले, ताई दारात त्यांना निरोप देत होती. मी आसनं गोळा करत देव्हाऱ्याजवळ आले. खालचा खण अर्धवट उघडा होता.

आत फक्त पाकीट होतं.

मी इकडेतिकडे पाहिलं नाही. सरळ उचललं आणि पिशवीत टाकलं. हाताला ते इतकं गार लागलं...

वाटलं, एप्रिल आहे, घर थंड आहे.

दीड वर्ष ते माझ्या कपाटात होतं, लोकरीच्या स्वेटरांखाली. वापरणार कसं? हिमी एवढंसं गाव, ताईने कधीतरी पाहिलंच असतं. दर वेळी काढून पाहावं, तर तसंच गार.

मग एका दुपारी मी इस्त्री करत होते. घरात कुणी नव्हतं. आणि कपाटातून...

खट्.

उघडून पाहिलं. पाकीट स्वेटरांखालीच होतं. खटका उघडा.

मी तो दाबून बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याचे फोटो काढले आणि जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकून दिलं. 'ऐंशीच्या दशकातलं. मूळ मालकिणीने जपून वापरलेलं. कोपऱ्यावर उदबत्तीचा तिळाएवढा डाग.' आमच्याकडे ही सोय चांगली आहे. विकणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्याचं विकणाऱ्याला. पार्सल टपालात टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

तासाभरात एकीने विचारलं, आतून वास येतो का. जुन्या पाकिटांबद्दल हे सगळेच विचारतात. मी नाक लावलं.

आईच्या पाकिटाला तिच्या गुडघ्याच्या मलमपट्टीचा वास असायचा. तो नव्हता. कापराचा नव्हता. चामड्याचासुद्धा नव्हता. पाण्याला नाक लावावं तसं...

मी लिहिलं, वास अजिबात नाही. तिने लगेच घेतलं.

घर शांत झालं.

आता अठ्ठावीस तारीख. वर्षाचा मोठा उत्सव, बाहेर आभाळ गडगडत होतं. बुरीला उठवणारा गडगडाट म्हणतात त्याला आमच्याकडे. ताई उशिरा आली. माझ्या शेजारचं आसन तिने सवयीने रिकामं सोडलं, आई बसायची ते, आणि पलीकडे टेकली. मग पिशवीतून रुमाल काढून उलगडला.

"बघ कियोनो. जवळजवळ दोन वर्षं शोधत होते. एखादं दिसायचं, तर रंग वेगळा नाहीतर खटका गंजलेला. हे मिळालं. डागसुद्धा आईच्यासारखाच, गंमत आहे की नाही?"

मी काहीतरी पुटपुटले.

"बाई चांगली होती विकणारी," ताई म्हणाली. "कोपरे दुमडून काय सुरेख बांधलं होतं. तुझ्यासारखं."

तेवढ्यात बुवा आले.

त्या दिवशी बुवांनी पापी माणसाचं आख्यान घेतलं. चांगल्याला तर बुद्ध नेतोच, पण ज्याचे हात काळे त्याच्यासाठी तो आधी धावतो. हे सांगताना त्यांचा आवाज असा उतरत आला की वाटलं, शंभर माणसांतून माझंच नाव घेतायत. सभा रडत होती. मीही.

सूर संपला. सगळे एकदम गप्प झाले. आणि आमच्या दोघींच्या मधून... रिकाम्या आसनावरून...

खट्.

मी ताईकडे पाहिलं. पाकीट तिच्या मांडीवर होतं, बंद. तिचे दोन्ही हात जोडलेले.

ती आसनाकडे बघत होती.

दानाची पेटी येऊन पुढे गेली. दोघींनीही काही टाकलं नाही. लोक लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड कालवण खायला बाजूच्या खोलीत गेले. आम्ही तिथेच. मग मला राहवलं नाही.

"ताई, ते पाकीट मी विकलंय. आईचंच आहे ते. एकोणपन्नासाव्या दिवशी खणातून मी चोरलं."

मला वाटलं ती रडेल, किंवा हात उगारेल. मी दोन्हीला तयार होते.

ती म्हणाली, "कसं शक्य आहे?"

मग तिने सांगितलं. शेवटच्या आठवड्यात आईला एकच घोर होता, मंदिरात दान कशातून टाकू. म्हणून शवपेटी बंद करण्याआधी ताईने पाकीट आईच्या बाहीत सरकवलं. चामडं ठेवू देत नाहीत, म्हणून लपवून. आणि बांबूच्या काड्यांनी अस्थी वेचताना राखेत वितळलेला पितळी खटका तिला दिसला. स्मशानातल्या माणसालाही दिसला. त्याने डोळे वटारले, तशी ताईने तो काडीने बाजूला सारला.

"तू समोरच होतीस," ती म्हणाली. "तुझं लक्ष नव्हतं."

मी त्या वाइन रंगाच्या वस्तूकडे पाहत राहिले. माझं कबूल करून झालं होतं. क्षमा कशाची मागायची, तेच कळेना.

ताईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तसा चेहरा मी नऊ वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

"खणात आणखी काही होतं?"

"नाही."

"माझ्यासाठी?"

"नाही ताई."

तिने पाकीट रुमालात गुंडाळलं आणि रिकाम्या आसनावर ठेवलं. ना माझ्याकडे, ना स्वतःकडे.

"नऊ वर्षं मी तिचं अंग पुसलं, कियोनो. आणि ती परत आली... ती तुझ्यासाठी?"

ती उठून गेली. मी पाकिटाला हात न लावता बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी मंदिरात विचारलं, तर झाडणारी बाई म्हणाली, रुमाल होता, घडी घातलेला. आत काही नव्हतं.

ताई आता माझा फोन घेत नाही. प्रवचनाला येते, पण उजव्या बाजूला बसते, ओळखीच्या बायकांच्या घोळक्यात. परवा मी मिठाई घेऊन तिच्या दाराशी गेले होते. दार बंद होतं. काचेतून दिसली. देव्हाऱ्यापुढे गुडघ्यांवर बसून ती खालचा खण उघडत होती, आत हात घालून चाचपत होती आणि बंद करत होती. पुन्हा उघडत होती.

मी हाक मारली नाही. मिठाई पायरीवर ठेवली आणि नामानदाबु म्हणत परत आले.