स्वतः उचललेलं

समराने पेजेची वाटी हाताने बाजूला सारली. पेज सांडली, चादरीवर ओघळली... "त्या हातांनी मला काही देऊ नका, आपा," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच ते शब्द अख्तरुन्निसाच्या काळजात सरळ आत गेले. दोनच दिवसांपूर्वी समराचं पाच महिन्यांचं बाळ पोटातच गेलं होतं, आणि दवाखान्यातून घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड करून निजलेली समरा पहिल्यांदा बोलली होती ती एवढंच. "मयतांना आंघोळी घालता तुम्ही. घरात पोटुशी बाई असताना..." समराचा नवरा रशीद दारात उभा होता. अख्तरुन्निसाचा धाकटा भाऊ, तिने पोटच्या पोरासारखा वाढवलेला. तो काहीतरी बोलेल म्हणून ती क्षणभर थांबली. तो खाली बघत राहिला. मग तिने फडकं आणून चादर पुसली.

पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यात वडिलांमागोमाग त्यांची आई वारली तेव्हा रशीद चार वर्षांचा होता आणि अख्तरुन्निसा अठराची. तिचं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी निरोप धाडला की मुलगी येऊ दे, पण पाठोपाठ भाऊ नको. तिने अंगठी परत केली, शिवणयंत्रावर बसली, आणि रशीद शिकून वाशीत नोकरीला लागेपर्यंत तिथून उठली नाही. मग समरा आली, सना झाली, खांदेश्वरजवळ सिडकोच्या वसाहतीत फ्लॅट झाला. सनाला न्हाऊमाखू घालण्यात, शाळेत सोडण्यात आणखी वर्षं गेली... आपलं आयुष्य दुसऱ्यांच्या ताटात वाढून संपलं, असंच ती मनाशी समजत असे.

ते काम सुरू झालं ते खालच्या मजल्यावरची म्हातारी वारली तेव्हा, चौऱ्याण्णवच्या जानेवारीत. घरात नुसते मुलगे होते. बाईमाणसाला गुस्ल, म्हणजे दफनाआधीची शेवटची आंघोळ, बाईनेच घालायची. पण नव्या वस्तीत ते जाणणारी कोणी नव्हती, आणि मोहल्ल्यातली जाणती बाई गावाला गेलेली. अख्तरुन्निसाने आयुष्यात एकदाच हे केलं होतं, स्वतःच्या आईला, म्हाताऱ्या हलीमाबीच्या शेजारी उभं राहून. "पाणी ओतायच्या आधी तिला सांग हो पोरी, दचकायला नको," हलीमाबी म्हणाली होती. इतक्या वर्षांनी खाली जाऊन तिने बोरीचा पाला घातलेलं कोमट पाणी हातावर घेतलं, चादरीआडून त्या अनोळखी देहावर ओतलं, आणि मावशीला सांगावं तसं हळूच म्हणाली, "पाणी ओतते हां, खाला..." त्या घटकेला तिच्या मनात एक अपूर्व शांतता उतरली. त्या शांततेला काय म्हणावं, ते तिला कळलं नाही.

मग बोलावणी येऊ लागली. नोकरीसाठी येऊन राहिलेली, वडीलधारं माणूस नसलेली घरं... कळंबोलीहून, एकदा तर थेट ऐरोलीहून. सोसायटीतल्या बायका जिन्यात तिला पाहून गप्प होऊ लागल्या. समराला दिवस गेले तेव्हा तिने विनवलं की आता हे पुरे करा, मला भीती वाटते. अख्तरुन्निसाने मानलं. तीन महिने ती कुठे गेली नाही. पण दिघ्याच्या वस्तीत एक कोवळी पोर बाळंतपणात गेली. तिचा नवरा दारात येऊन नुसता उभा राहिला. अख्तरुन्निसाला नाही म्हणवलं नाही. ती गेली. आणि आठवडाभरात समराचं बाळ गेलं.

पेज सांडली त्याच संध्याकाळी तिने कपडे भरले. रशीद रिक्षापर्यंत आला. त्याने तिला थांब म्हटलं नाही. "बॅग जड आहे का?" एवढंच विचारलं.

जुन्या पनवेलमध्ये एका खोलीत तिने पुन्हा शिवणयंत्र मांडलं. पहिले काही महिने फार वाईट गेले. बोलावणं आलं तरी ती जात नसे. स्वतःचे हात तिला परके वाटत. खरंच या हातांनी ते बाळ गेलं असेल का... हा प्रश्न तिला जेवू देईना, नमाजात उभं राहू देईना. आणि त्या एकटेपणात, आयुष्यात पहिल्यांदा, तिने स्वतःला नीट पाहिलं. जे दिसलं ते सगळं चांगलं नव्हतं. रशीदच्या घरात ती राबली ती निरपेक्ष मनाने, असं ती सगळ्यांना आणि स्वतःलाही सांगत आली होती. पण तसं नव्हतं. दर ईदला, सनाच्या दर वाढदिवसाला ती मनातून वाट पाहत असे, की कोणीतरी म्हणेल, आपा, तुझ्यामुळे झालं हे सगळं. ते कोणी म्हटलं नाही, आणि तो सल तिने हसऱ्या तोंडाखाली वर्षानुवर्षं जपला होता. समरालाही तो जाणवला असेल. घरात सतत कुणाचे तरी उपकार वावरताहेत, असं वाटलं असेल बिचारीला...

आणि ती म्हातारी? ती दिघ्याची पोर? त्यांच्याकडून तर शब्दाचीही आशा नव्हती. तरी तिथून ती भरल्या मनाने परत येत असे. रशीदला वाढवणं तिच्यावर येऊन पडलं होतं. तिने ते प्रेमाने केलं, पण ते येऊन पडलेलं होतं. हे मात्र तिने स्वतः उचललं होतं. ज्यांचं जवळचं कोणी नाही, त्यांना शेवटच्या घटकेला परकं वाटू नये... यासाठीच आपण आहोत. हे कळायला तिला शेहेचाळीस वर्षं लागली होती. त्या दिवशी ती खूप रडली. पुढच्या बोलावण्याला मात्र ती गेली, आणि मग जातच राहिली. पैसे तिने कधी घेतले नाहीत. पोटासाठी शिवण होतं.

चार वर्षं गेली. रशीद ईदला येई, घटकाभर बसे. समरा कधी आली नाही. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर तो अवचित आला आणि शिवणयंत्राशेजारी जमिनीवरच बसला. समराच्या पोटात गाठ होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. ती आपाला बोलावत होती.

समरा ओळखू येत नव्हती. अख्तरुन्निसाने काही विचारलं नाही. पदर खोचला आणि तिचं सगळं करू लागली. एका दुपारी सना शाळेत असताना समराने तिचा हात धरला.

"आपा, बाळाचं हृदयच नीट बनलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं."

चार वर्षांच्या रात्री अख्तरुन्निसाच्या डोळ्यांपुढून गेल्या.

"मला माहीत होतं, तरी बोलले," समरा म्हणाली. "कुणावर तरी राग काढायचा होता. तुम्ही उलटून बोलणार नाही, हे पण माहीत होतं. नंतर तोंड दाखवायची हिंमतच झाली नाही. मला माफ कराल?"

माफ करणं सोपं नव्हतं. अख्तरुन्निसाला क्षणभर उठून निघून जावंसं वाटलं. मग तिने त्या सुकलेल्या कपाळावरचे केस मागे सारले.

"तू बोलली नसतीस तर मी ह्या घरात तशीच कुढत बसले असते, समरा. रडू नको. तुला ठसका लागेल."

"एक मागते. मला परक्या बाईच्या हवाली करू नका. तुम्हीच करा माझं."

अख्तरुन्निसाने मान डोलावली.

समरा जुम्म्याच्या सकाळी गेली. महाडहून आलेल्या तिच्या माहेरच्या बायका विचारू लागल्या की गुस्लसाठी मशिदीतून कोणाला बोलावलंय का. तेव्हा सगळ्या सोसायटीदेखत रशीद म्हणाला, "माझी बहीण करेल. ती हेच करते."

अख्तरुन्निसाने पाण्यात बोटं बुडवून पाहिली. मग दर वेळेसारखं म्हणाली, "समरा... पाणी ओतते हां." आजारात विरळ झालेल्या केसांच्या तिने तीन बारीक वेण्या घातल्या. शेवटच्या पाण्यात कापूर टाकला. कफन बांधून होईपर्यंत तिने डोळ्यांतून एक थेंब येऊ दिला नाही. मग चेहरा मोकळा ठेवून सनाला आत बोलावलं, आणि स्वतः बाहेर गॅलरीत जाऊन भिंतीला टेकली.

रशीद तिच्याजवळ आला. लहानपणी बसे तसा तिच्या पायाशी बसला.

"आपा, सगळं आयुष्य तू आम्हाला दिलंस. तुला काय हवंय, हे मी कधी विचारलंच नाही."

"विचारलं असतंस तरी मला सांगता आलं नसतं रे," ती म्हणाली. "मलाच माहीत नव्हतं."

आत सनाचा हुंदका ऐकू आला. अख्तरुन्निसाने ओल्या बाह्या खाली सोडल्या, डोळे पुसले, आणि पोरीला जवळ घ्यायला ती आत गेली.