लंगडीसाठी चाटण

वरच्या दरीतल्या हरणांना क्षार द्यावेत की नाही, याची पाहणी करायला आम्ही तिघं निघालो होतो. निदान कार्यालयात तरी आम्ही असंच भारदस्त सांगितलं होतं. मामाच्या डोक्यात मात्र एकच हरिणी होती. लंगडी! आईविना सापडलेलं ते पाडस त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं आणि मोठं झाल्यावर दरीत सोडलं. मागचा पाय किंचित ओढायची, म्हणून लंगडी. यंदा ती दिसली तेव्हा बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली होती, आणि पोटात पिल्लू होतं. आदल्या वर्षी त्या दरीतली बरीच पाडसं पायांवर उभी न राहताच गेली होती. लंगडीचंही तसंच होणार, या विचारानं मामाला जेवण गोड लागत नव्हतं.

मामाचा पशुखाद्याचा छोटा कारखाना आहे. दार उघडलं की भुसा थेट नाकात. कोपऱ्यात मिश्रणाचं पिंप, शेजारी हातानं दाबायचा लोखंडी साचा आणि भिंतीला टेकून चाटण विटांची चळत. मीठ, चुना, खनिजं, सगळं दाबून केलेल्या विटा. गाईगुरं त्या चाटतात आणि अंगातली उणीव भरून निघते. मी जनावरांची डॉक्टर. विटेतलं मीठ किती, तांबं किती, हे मी स्वतः तपासलं होतं.

"रानात दुकान थाटायचं नसतं, मामा," आमची तिसरी सोबतीण म्हणाली. ती वनरक्षक. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे तिला शिट्टीच म्हणायचे. "सगळी हरणं एकाच विटेला तोंड लावणार. एकाला रोग झाला की सगळ्यांना!"

"मग काय, मरू द्यायची?" मामा तडकला.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. शेवटचा शब्द माझा होता. "वर जाऊन पाहू, मग ठरवू. आणि आता वाटेत भांडलात, तर दोघांनाही इथंच सोडून जाईन!"

नदीला पाणी बेताचंच होतं, पण ओढ जबर. शिट्टीनं दोर पलीकडच्या झाडाला बांधला आणि आम्ही एकामागून एक पाण्यात उतरलो. मधोमध मामाचा पाय निसटला! गळ्यापर्यंत पाणी. एक हात दोरावर, दुसऱ्या हातात विटांची पिशवी.

"मामा, पिशवी सोड!"

"मामा गेला तरी चालेल, वीट जाता कामा नये!"

मी त्याची कॉलर धरली. शिट्टीनं दोर ओढला. खडकावर आपटत, ठेचकाळत आम्ही तिघंही काठाला लागलो. मामा आधी पिशवी चाचपून बघत होता. विटा पार भिजल्या होत्या आणि पिशवीच्या बुडातून तपकिरी थेंब गळत होते. मला मामाचा इतका राग आला होता की त्या थेंबांचा विचार करायला डोक्यात जागाच नव्हती.

पुढची चढण निवांत होती. उंच गवत, मधेच खडक, आणि वर धुकं विरत चाललेलं निळं आकाश. कड्याखाली आम्हाला गळून पडलेली हरणांची शिंगं सापडली. त्यांच्यावर दातांच्या खुणा होत्या. हरणं शिंगं चघळत होती! अंगात क्षार कमी पडले की ती असं करतात. दरीत उणीव होती, यात आता शंकाच उरली नाही.

"बघ!" मामा लहान मुलासारखा खुलला. "आता बोल, डॉक्टरीणबाई!"

मी होकार देणारच होते. तेवढ्यात शिट्टीनं माझं मनगट घट्ट धरलं.

आम्ही आलो त्याच वाटेवर एक अस्वल उभं होतं. मान खाली. ते जमीन चाटत होतं. दोन पावलं पुढं. पुन्हा चाटलं. आमच्या पिशवीतून गळलेला थेंब न् थेंब!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "मामा, विटेत मळी घातलीयस?"

"घालणारच की! मळीचा गोडवा नसेल तर गुरं तोंड लावत नाहीत."

"मामा, आपण गोठ्यात नाही आहोत!"

अस्वलानं मान वर केली. पिशवी तिथंच टाकून आम्ही दगडांच्या उतारावर चढलो. जुनी दरड कोसळून तयार झालेला तो ढिगारा होता. दगड पायाखालून सटकत होते. शिट्टीनं जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकली. अस्वल दचकलं, पिशवीपाशी थांबलं, ती फाडली. आमचा जीव भांड्यात पडला. आणि मग ते पुन्हा आमच्याकडेच चढू लागलं!

"सगळं तर मिळालं त्याला! आता काय हवंय?" शिट्टी ओरडली.

मामाचा चेहरा पाहून मला उत्तर कळलं. त्याचा एक हात सदऱ्याखाली होता.

"एकच ठेवलीय गं," तो पुटपुटला. "लंगडीची."

"फेक!"

"ती मरेल गं!"

"वीट ठेवलीस तर नक्की मरेल! हे अस्वल रोज विटेपाशी येईल. आणि तिथं कोण असेल? पिल्लाला घेऊन तुझी लंगडी!"

अस्वलाचा श्वास ऐकू येत होता. नखं दगडावर खरखरत होती. मामानं वीट काढली, छातीशी धरली आणि अंगातलं सगळं बळ लावून पलीकडच्या ओढ्यात भिरकावली. वीट ठणठण आपटत खाली गेली. अस्वल थबकलं, वळलं आणि तिच्यामागे धावत सुटलं!

मामा दगडावर बसला आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तशीच खाली दरीत बघत बसले. आणि बघता बघता ताडकन उठले.

"शिट्टी, या एवढ्या वाटा कुठं चालल्यात?"

दरीतून हरणांच्या पायवाटा चारी बाजूंनी येत होत्या. जुन्या, खोल रुतलेल्या. आणि सगळ्या आमच्याच ढिगाऱ्याखाली येऊन संपत होत्या. इतकी हरणं दगड बघायला नक्कीच येत नव्हती!

"दरड दोन वर्षांपूर्वीची," शिट्टी म्हणाली. "त्याआधी पाडसं ठणठणीत असायची."

अस्वल दरीपार गेल्याची खात्री करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खणायला लागलो. शिट्टीची कुदळ, माझे हात आणि मामा पहारीला लोंबकळलेला. मोठी धोंड हलेना. मामानं तिला अशा काही शिव्या घातल्या की शेवटी ती लाजून घरंगळली! खाली पांढरट, ओली माती होती. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट! डोंगरानं हरणांसाठी स्वतःच ठेवलेलं चाटण दरडीखाली गाडलं गेलं होतं.

"विटा नकोत," मी म्हणाले. "हेच मोकळं करू. यात मळी नाही, आणि जागा एवढी ऐसपैस की तोंडाला तोंड लागायचं नाही." शिट्टी हसली. मामानं मान डोलावली, पण डोळे दरीकडेच होते.

काम संपवून, आमचा वास हरणांपर्यंत जाऊ नये म्हणून आम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाला दडून बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग गवत हललं. आधी एक म्हातारी हरिणी, मग आणखी दोन. आणि शेवटी, मागचा पाय ओढत, जड पोटानं, ती आली! मातीला तोंड लावून ती चाटतच राहिली.

दूध पाजायच्या वेळी मामा जिभेनं टक्-टक् आवाज करून लंगडीला बोलवायचा. आताही त्याचा हात तोंडाशी गेला. मी श्वास रोखला. हात तिथंच थांबला आणि हळूच मांडीवर आला.

"बोलवायचं होतंस ना," हरणं पोटभर चाटून निघून गेल्यावर मी म्हणाले. "आली असती तुझ्याकडे."

"आली असती गं," मामा नाक पुसत म्हणाला. "म्हणूनच नाही बोलावलं."