नरसीच्या अलीकडची झडती

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल हसावं. भुताखेतांच्या गप्पा मारणारा मी माणूस नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि ती माझी सख्खी बहीण होती.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. नगरपालिकेची निवडणूक लागलेली. देगलूर-नांदेड रस्त्यावर, नरसीच्या अलीकडं पोलिसांची नाकाबंदी होती. दिवस नुकताच मावळला होता...

गाडीत दोघंच: मी, माझं नाव अनस, आणि माझे दुल्हाभाई नजीर. म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, साबेराआपाचे मालक. देगलुरात त्यांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. रेक्झीन आणायला आम्ही नांदेडला निघालो होतो.

मागची सीट रिकामी होती. एवढं लक्षात ठेवा.

नाकाबंदी दिसली आणि दुल्हाभाईंनी लांबूनच गाडीचा वेग एकदम कमी केला.

कारण त्याच्या आदल्या वर्षी, विधानसभेच्या निवडणुकीत, त्यांना इथंच अडवलं होतं. तेव्हा मागं आपा बसली होती. तिच्या छातीत कळा येत होत्या. मी नांदेडला दवाखान्याच्या दारात वाट बघत उभा होतो.

दुल्हाभाईंनी कागदं दाखवली, डिक्की दाखवली. बायकोला दवाखान्यात न्यायचंय म्हणून सांगितलं. त्या पोलिसाला ते सोंग वाटलं. सीटमध्ये पैसे लपवले असतील म्हणून त्यानं ब्लेड काढलं.

ती सीट दुल्हाभाईंनी आपासाठी स्वतः शिवली होती. हिरवी. तिच्या आवडीचा रंग.

"अशी कशी फाडता? कारण लिहा, पंच बोलवा."

"मला कायदा शिकवून राहिला काय?"

त्यानं चावी काढून घेतली. बोलाचाली वाढली. मागून आपानं वाकून हॉर्न दाबला... पुन्हा दाबला...

दुल्हाभाईंनी तिला हातानंच 'थांब' म्हटलं.

मग हॉर्न वाजला नाही.

आपाच्या दफनानंतर मी एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, संशयाचं कारण न नोंदवता, पंचांशिवाय सीट फाडायला निघणं चूकच. तुमच्या दुल्हाभाईंचं बरोबर होतं. मी मोठ्या उत्साहानं घरी येऊन हे सांगितलं, तर माणूस भिंतीकडं तोंड करून रडला. बरोबर होतं, त्याचं आता काय करायचं?

असो. तर त्या संध्याकाळी...

पोलीस दुसरा होता, तरणा. आम्ही दोघं खाली उतरलो. चावी दुल्हाभाईंच्या मुठीत. पोलिसानं मागच्या काचेतून आत पाहिलं आणि एकदम मागं सरला.

"ताईला बसू द्या आतच. आज लेडीज स्टाफ न्हाई. आमाला तपासता येत न्हाई."

मी आत पाहिलं. सीट रिकामी...

"कोण ताई?"

"ह्या काय! छातीला हात लावून बसल्यात. बरं न्हाई का त्यांना?"

दुल्हाभाई काचेला कपाळ टेकवून आत बघत होते. त्यांनाही काही दिसत नव्हतं. इतकं केविलवाणं तोंड मी आजवर कुणाचं पाहिलं नाही.

"कोणत्या बाजूला बसलीय, साहेब? काय म्हणून राहिली?"

तेवढ्यात...

हॉर्न वाजला.

आम्ही तिघंही बाहेर होतो. गाडीत कुणी नव्हतं.

पोलिसानं घाईनं बॅरिकेड बाजूला ओढलं. "झडती राहू द्या. दवाखान्यात न्या त्यांना, लवकर!"

दुल्हाभाईंनी गाडी अशी पळवली की नरसी, नायगाव कधी मागं पडलं कळलं नाही. मला थांबा म्हणायचा धीर झाला नाही. त्याच दवाखान्याच्या त्याच दारात त्यांनी गाडी लावली. उतरून मागचं दार उघडलं. हात पुढं केला.

"उतर, साबेरा. आलो आपण."

हिरवी सीट एका बाजूला दबलेली होती...

आणि मी बघत असताना ती हळूहळू वर आली.

त्या दिवसापासून दुल्हाभाईंनी गाडीतला आरसा मागच्या सीटवर वळवून ठेवलाय. आपाच्या बाजूला. कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत. मागून ट्रक येतोय का, ते मला वळून बघावं लागतं.

मी वळतो. रस्ता बघतो. सीटकडं बघायची हिंमत होत नाही.

दुल्हाभाई दरवेळी विचारतात, "दिसली का रे ती?"