प्यायले गं

तिशी उलटल्यावर चेहऱ्यावर मुरुमं उगवली, याचीच मला जास्त लाज वाटत होती. तोंडाला रुमाल बांधून मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात शिरले. काउंटरमागचा तरुण नवा होता. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून त्यानं मलमाची ट्यूब पुढे ठेवली आणि सहज विचारलं, "पाणी पिता ना भरपूर?"

मी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचत होते. तोंडून आपसूक गेलं, "प्यायले गं."

तो थबकला. "...गं?"

रुमाल होता म्हणून वाचले.

प्रश्न आईचा होता. डोकं दुखो, परीक्षा असो, कुणाशी बिनसलेलं असो — तिचं औषध एकच. "पाणी प्यायलीस का?" आणि मी पुस्तकातून मान न काढता, बहुतेकदा खोटंच, "प्यायले गं." ती गेल्यापासून घरात हे कुणी विचारत नव्हतं. बाबा विचारायचे ते फक्त गॅस बंद केलास का.

आठवड्यानं मी पुन्हा गेले.

"ट्यूब संपली इतक्यात?"

"सांडली."

"ट्यूब... सांडली?" त्यानं हसू गिळलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे सरकवलं. "घ्या. आणि आज मी 'गं' आहे की 'हो'?"

"गिऱ्हाइकाची थट्टा करता?"

"गिऱ्हाइकानं रुमाल काढला तर करणार नाही."

पुढच्या खेपेला रुमाल घरीच राहिला. मग खोकल्याच्या गोळ्या, बँडेज, बाबांचा बाम... कारणं मिळत गेली. पेला मात्र दर वेळी भरलेला असायचा, आणि प्रश्नही तोच.

चेहरा साफ झाला तेव्हा मी म्हणाले, "तुमच्या पाण्याचा गुण आला."

"मलमाचा आला," तो म्हणाला. "पाण्यानं तब्येत नीट राहते, ओठ सुकत नाहीत. पण मुरुमं काही पाण्यानं जात नाहीत."

"मग दर वेळी विचारता कशाला?"

तो सरळच असलेली खोकी सरळ करत राहिला. "पहिल्यांदा सवयीनं विचारलं. पण तुम्ही ते 'गं' म्हणालात ना... फार घरचं वाटलं. पुन्हा ऐकायचं होतं."

"ते आईसाठी होतं," मी म्हणाले. "ती आता नाहीये."

त्यानं हातातलं खोकं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "मग ते तिचंच राहू दे. मी नाही विचारणार यापुढे."

यापुढे... म्हणजे पुन्हा फक्त गॅसचीच चौकशी. आणि मलमही आता लागणार नव्हतं. मी पेला उचलला, तळाशी पोचेपर्यंत प्यायले, खाली ठेवला.

"विचार ना," मी म्हणाले.

'विचारा' म्हटलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. कान लाल झाले त्याचे.

"पाणी... प्यायलीस का?"

या वेळी मी मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं.

"प्यायले रे."