लिपनाची पाटी आणि एमिलीचं भांडं

पाटीचा पहिला बोल्ट निघाला, तेवढ्यात वरून आवाज आला.

"अहो बाई! आमच्या गावाचं नाव कुठं घेऊन चाललात?"

इंगाच्या हातून पाना गवतात पडला. शेजारच्या लाकडी चर्चच्या छपरावर एक तरुण पालथा पसरला होता. हातात हातोडी, कानामागे पेन्सिल. इंगा जिल्ह्याच्या रस्ते खात्यात कामाला होती आणि यंदा तिच्या वाट्याला मोठं दळभद्री काम आलं होतं – ज्या गावात कुणी उरलं नाही, तिथली पाटी काढून आणायची. ऑडल झालं, सेंट ग्रेगर झालं. आज लिपनाची पाळी होती.

"तुमचं गाव?" ती म्हणाली. "माझ्या कागदावर इथली लोकसंख्या शून्य आहे."

"कागद कधीचा?"

"मार्चचा."

"मग बरोबर. मी एप्रिलात ओमाहाहून आलो." तो शिडीवरून भराभर खाली उतरला. "एक लिहा. रोमन हुब्का. इथल्या एमिली हुब्काचा नातू. सुतारकाम करतो. वय एकोणतीस... स्वयंपाक येतो."

"शेवटची माहिती कागदाला नको आहे."

"कागदाला नसेल."

इंगाचे कान तापले. तिच्या मनातलं सगळं आधी कानांवर उमटायचं, हा तिचा जन्माचा दोष. ती घाईनं कागदात बघू लागली. "ओमाहासारखं शहर सोडून इथं? कशासाठी?"

"तिथं माझ्या खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसायची."

"आणि इथून काय दिसतं?"

"एरवी गवत. आज... तुम्ही."

त्या गवताळ मुलखात वारा तर बारमाही, पण त्या क्षणी तो जरा जास्तच सुटला असं इंगाला वाटलं. तिनं केस कानामागे सारले आणि खात्याचा आवाज काढला. "हे बघा, एक ऑक्टोबरला इथं कुणी राहत असेल, चूल पेटलेली असेल, हिवाळा इथंच काढायची तयारी असेल, तरच पाटी राहील. मला तपासायला यावं लागेल."

"रोज?"

"महिन्यातून एकदा."

"असा नियम आहे?"

"नियमात काही लिहिलेलं नाही," इंगा प्रामाणिकपणे म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिनं जीभ चावली.

"मग दर गुरुवारी या ना," रोमन म्हणाला.

बोल्ट त्यानंच परत बसवला. ती निघाली तेव्हा गाडीच्या खिडकीतून त्यानं एक चौकोनी काचेचं भांडं आत सरकवलं. आत कोलाचे होते, खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, अजून गरम. भांड्याच्या तळाला पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर पुसट अक्षरं – एमिली हुब्का, लिपना.

त्या भागात सगळ्यांच्या घरी तसलीच भांडी. मयत असो, बारसं असो, चर्चचं जेवण असो, चाळीस भांडी एका टेबलावर मांडली की कुणाचं कुठलं ते ओळखायला तळाला नाव हवंच. आणि आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, हे तिथलं पोर बोलायच्या आधी शिकतं. तेव्हा पुढच्या गुरुवारी इंगाला जावंच लागलं. भांडं भरलेलं होतं ना!

तिनं लेफ्सा नेल्या, बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. त्यानं परत रुबार्बच्या आंबट देठांचा केक दिला. तिनं मटार घालून भट्टीत भाजलेली कोंबडी नेली. त्यानं रानबोरांची खीर दिली, ती मात्र करपलेली होती.

"स्वयंपाक येतो म्हणाला होतात ना?" तिनं चिडवलं.

"येतो. पण तुमची गाडी तीन मैलांवर दिसली की लक्ष उडतं. त्याला मी काय करू?"

जून सरला. रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ही तिथली ओळखदेख. रोमन मात्र सगळा हात बाहेर काढून हलवायचा, यात्रेला निघाल्यासारखा. इंगा त्याला हसायची, आणि मग घरापर्यंत हसतच राहायची.

"अगं, एवढी तपासणी तर पुलांचीसुद्धा होत नाही," आर्डिसकाकू म्हणायच्या. रस्ते खात्यात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि जिल्ह्यातल्या सगळ्या भांड्यांखालची नावं त्यांना पाठ होती. "काय आढळलं या गुरुवारी?"

"लोकसंख्या स्थिर आहे, काकू."

"आणि तू?"

इंगा फायलीत तोंड खुपसायची.

ऑगस्टमधल्या एका दुपारी दोघं गाडीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसले होते. तिकडचा पाऊस अचानक येत नाही. अर्धा तास आधी क्षितिजावर करडा पडदा दिसतो आणि तो सावकाश गव्हाची शेतं ओलांडत येतो. दोघं त्याच्याकडे बघत होते.

"एकट्या माणसाला चर्च कशाला रे?" तिनं विचारलं. अहो-जाहो कधी सुटलं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"गळतंय, म्हणून."

"हे काय उत्तर झालं?"

तो काहीतरी बोलणार होता. तिच्याकडे वळलासुद्धा. पण खिशातला फोन वाजला. आईचा होता. तो ऐकत राहिला, हं हं करत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "बघतो."

"काय म्हणाल्या?"

"हिवाळ्याआधी परत ये म्हणते. तिथं कोल्हासुद्धा राहत नाही म्हणते."

"आणि तू नुसतं बघतो म्हणालास?"

"आईला एकदम नाही म्हणता येतं का?"

पाऊस आला. दोघं वेगवेगळ्या बाजूंनी गाडीत शिरले. त्या एका 'बघतो'नं इंगाचा सप्टेंबर नासवला. रोमन गेला तर लिपनाची पाटी तिला स्वतःच्या हातानं काढावी लागणार होती, आणि हे ती कुणाला सांगणार? तो तिचा कोण होता? भांडं देणारा-घेणारा.

तीस सप्टेंबरला ती जेवून ऑफिसात परत आली, तर टेबलावर ते भांडं. धुतलेलं, लख्ख, आणि रिकामं.

"तो देऊन गेला," आर्डिसकाकू म्हणाल्या. "थांबला नाही. अगं, पण जरा..."

इंगानं पुढचं ऐकलंच नाही. रिकामं भांडं! दोन घरांत कायमचं वाजलं तरच तिथं कुणी रिकामं भांडं धाडतं. तिनं ते बगलेत मारलं, पाना उचलला आणि चाळीस मैल गाडी हाणली. डोळ्यांत पाणी होतं आणि समोरून येणाऱ्या एकाही गाडीला तिनं बोट उचललं नाही.

लिपनाच्या पाटीचा बोल्ट तिनं अर्धा फिरवला होता.

"इंगा? आज तर तीस तारीख. उद्या तरी उजाडू दे."

तो चर्चच्या दारात उभा होता. हातात रंगाचा ब्रश.

"उद्या कशाला? जायचं तर तोंडानं सांगायचंस!" तिचा आवाज फुटला. "मी काय वाईट वाटून घेतलं असतं? घेतलं असतं... खूप घेतलं असतं! पण रिकामं भांडं, रोमन?"

"रिकामं?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "तू ते उलटं केलं नाहीस?"

"कशाला करू? कुणाचं आहे ते मला माहीत नाही का?"

"कर तर खरं."

तिनं केलं. एमिलीची जुनी पट्टी होती तिथं नवी होती, पांढरीशुभ्र. वर सुताराची जाड पेन्सिल फिरलेली – इंगा आणि रोमन, लिपना.

इंगानं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. कान कधीच तापले होते.

"भरून पाठवलं असतं, तर तू पुन्हा भरून आणलं असतंस," रोमन खालच्या आवाजात म्हणाला. "मग मी, मग तू... म्हातारे झालो असतो आपण. मला ही देवाणघेवाण थांबवायची होती. आईला परवाच सांगितलं, येत नाही म्हणून. आणि हे चर्च काय मी कबुतरांसाठी दुरुस्त करतोय? आधी आजीच्या आठवणीसाठी करत होतो. जूनपासून..."

"जूनपासून?"

"जूनपासून तुझ्यासाठी. लग्न करशील माझ्याशी?"

"वेड्या," ती म्हणाली, "हे आर्डिसकाकूंसमोर बोलायला काय झालं होतं?"

"भीती वाटली. म्हणून तर पळालो."

तिनं त्याच्या रंगानं बरबटलेल्या शर्टात तोंड लपवलं आणि "हो" म्हणाली. त्याला ते ऐकू आलं नाही, तेव्हा तिनं ते पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. मैलोन्मैल ऐकणारं कुणी नव्हतं, त्यामुळे लाजायचंही कारण नव्हतं.

बोल्ट दोघांनी मिळून घट्ट बसवला. घराकडे चालताना इंगानं भांडं पुन्हा उलटं करून पाहिलं.

"मग आता हे परत कुणाला करायचं?"

"कुणालाच नाही," रोमन म्हणाला. "आपलंच आहे."