तिसऱ्या बॉयलरची पाळी

चौकशीबाई जहाजावर गेल्या त्या भर दुपारी, आणि कामही अगदी साधं होतं. आरमाराच्या दफ्तरात त्या सात वर्षं कारकुनी करत होत्या. वय अवघं तिशीचं, पण कुठल्याही गोष्टीचा पिच्छा पुरवायची खोड, म्हणून सगळं दफ्तर त्यांना चौकशीबाई म्हणायचं. युद्धात नाव कमावलेली एक जुनी क्रूझर सोमवारी तोडायला जाणार होती. तिचा सेवा-इतिहास बाईंनी लिहून काढला होता. तो जहाजाच्या राखणदाराला वाचून दाखवायचा, चुकलंमाकलं दुरुस्त करायचं आणि परत यायचं, असा बेत होता.

खरं सांगायचं तर बाईंचं मन भलतीकडेच होतं. इतिहासाच्या अकराव्या पानावर एक ओळ होती. बंदरातल्या बॉम्बहल्ल्यात बॉयलरवरचा एक गडी जहाज सोडून पळाला, अशी. तो गडी म्हणजे बाईंच्या आईचे वडील. आई तेव्हा बारा वर्षांची होती. पळपुट्याची लेक म्हणून तिने चाळीस वर्षं मान खाली घालून काढली होती. "तुझ्या हातांनी तरी ते छापू नकोस गं," असं सकाळीच म्हणाली होती बिचारी. पण पुराव्याशिवाय ओळ खोडायची कशी? बाईंचा जीव अगदी टांगणीला लागला होता.

राखणदार साठी उलटलेला, अबोल माणूस. सुकाणूच्या खोलीतच त्याचा संसार होता. एक खाट, एक स्टोव्ह, दोन कप. त्याने चहा टाकला आणि बाई वाचू लागल्या. क्रूझरने मालवाहू जहाजांचे एकोणीस ताफे सुखरूप पार नेले होते. एका लढाईत गोळा धुराड्यातून आरपार गेला, तरी ती थांबली नव्हती. राखणदार प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. बॉम्बहल्ला आला तशी त्याची मान थांबली.

"तेव्हा तिसरा बॉयलर एकटाच पेटलेला होता," बाई वाचत होत्या. "सकाळी आठला पाळी बदलली. दारावरच्या पाटीवर जुन्या गड्याने आपलं नाव पुसलेलं आणि बदलीच्या गड्याने स्वतःचं लिहिलेलं होतं. आत एक देह सापडला, ओळखू न येणारा. तो बदलीच्या गड्याचा धरला. जुना गडी सापडला नाही, तो पळाला असं ठरलं."

"पाटीवरचं जुनं नाव नवा गडी पुसतो," राखणदार एवढंच म्हणाला. "जुन्याने पुसायचं नसतं."

बाईंनी तेवढं दुरुस्त केलं. "तो जुना गडी म्हणजे माझे आजोबा, काका. आणि नंतर जहाजाची दुरुस्ती झाली, पण तो बॉयलर पुन्हा कधीच का नाही पेटवला?"

राखणदार उठून स्टोव्हकडे वळला.

बाईंची नजर भिंतीवरच्या पितळी नळीवर गेली. इथून फुंकलं की खाली बॉयलरखान्यात शिट्टी वाजते आणि मग दोन्हीकडून बोलता येतं, ती बोलनळी. तोंडात चिंध्या गच्च कोंबलेल्या.

"वारा येतो त्यातून," तो पाठमोराच म्हणाला. "राहू दे ते."

"खालचं दार तर कुलपात आहे ना? मग वारा कुठला?"

आता एखादी शहाणी बाई गप्प बसली असती. चौकशीबाईंनी चिंध्या उपसल्या आणि गाल फुगवून फुंकर मारली. खूप खोलवर, पोलादाच्या पोटात कुठेतरी, बारीक शिट्टी वाजली. त्यांना हसू आलं.

मग इकडची शिट्टी वाजली.

नळीतून तापलेल्या तेलाचा वास आला, ओल्या वाफेचा आला. बाईंनी कान लावला. तिकडे कोणीतरी धापा टाकत होतं.

"बदली... आली का?"

"कोण... कोण बोलतंय?"

"तीन नंबर. आठ वाजून गेले... बदली आली का?"

बाईंनी वळून पाहिलं. राखणदाराच्या हातातल्या कपातला उकळता चहा त्याच्याच पायावर सांडत होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

"रोज विचारतो," तो म्हणाला. "चिंध्या कोंबल्या तरी ऐकू येतं मला."

मग घडाघडा बोलला. बदलीचा गडी म्हणजे तो स्वतःच. आधी खाली उतरायचं, 'ताबा घेतला' म्हणायचं, मग वर येऊन पाटीवर नाव लिहायचं, ही जहाजाची रीत. त्याने त्या दिवशी आधीच नाव लिहिलं आणि दोन झुरके मारायला वर गेला. तेवढ्यात बॉम्ब पडला. भीतीने त्याने पाण्यात उडी टाकली. दुसऱ्या दिवशी मेलेल्यांच्या यादीत स्वतःचं नाव वाचलं, आणि ते खोडायला जायचा धीर झाला नाही. पुढे दुसऱ्याच नावाने राखणदार होऊन इथेच परत आला.

"'ताबा घेतला' ऐकल्याशिवाय जुना गडी जागा सोडत नाही," तो म्हणाला. "तुझा माणूस पळाला नाही, पोरी. मी पळालो."

बाईंना रडू फुटलं. रागही आला. तरी त्यांच्यातली कारकून जागी होती. त्यांनी अकरावं पान उलटं करून पुढे धरलं. "लिहून द्या."

त्याने लिहिलं, खाली स्वतःच्या जुन्या नावाने सही केली, आणि कमरेच्या किल्ल्या काढून जिन्याकडे निघाला. त्याला अडवायला हवं होतं हे बाईंना कळत होतं. पण आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्या नळीला कान लावून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने खालून राखणदाराचा आवाज आला. "ताबा घेतला."

मग लोखंडी शिडीवर पावलं वाजली. थकलेली, जड पावलं एकेक पायरी वर आली. दारात कोणीच नव्हतं, फक्त भट्टीसारखी ऊब बाईंच्या अंगावरून गेली.

"आजोबा...?"

ऊब क्षणभर थांबली, मग धक्क्याच्या दिशेने निघून गेली. राखणदार काही वर आला नाही. दफ्तराच्या माणसांनी बॉयलरखाना पालथा घातला. चाळीस वर्षांच्या धुळीत त्याच्या पावलांचे ठसे होते, सगळे आत जाणारे.

आईने तो कागद तीनदा वाचला, छातीशी धरला आणि लहान पोरीसारखी रडली. त्या रात्री ती कितीतरी वर्षांनी शांत झोपली.

बुधवारी जहाज तोडणाऱ्या मुकादमाचा फोन आला.

"बाई, तिसऱ्या बॉयलरच्या दाराचा चटका बसतोय. आत जळणाचा थेंब नाही, आणि वाफेचा काटा सकाळपासून चढतोय. काय प्रकार आहे हा?"

"माणसं वर घ्या," बाई कशाबशा म्हणाल्या. "आधी सगळ्यांना वर घ्या."

"घेतली हो. एकटा कटरवाला तेवढा खाली बॉयलरपाशी अडून बसलाय. मघाशी कोणी म्हातारा त्याच्याकडून 'ताबा घेतला' असं वदवून गेला म्हणे. आता हाक मारली की म्हणतो, बदली आल्याशिवाय मला हलता येणार नाही."